बिल्ला चार सेकंद दिसला पाहिजे

सोमवारी सकाळी साडेसातला मावशीने भाचीच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वेल्डरचा हात हलला आणि त्याच्या जोडाला गाठ आली.

"कशावर सही केलीस?"

"पलटीच्या शॉटवर." भाचीने गालाला हातसुद्धा लावला नाही. "तीन पलट्या. शेवटी गाडी चाकांवर उभी."

"गाडी चाकांवर उभी. आणि तू कशावर उभी राहणार?"

"मार अजून एक. डावा गाल रिकामाच आहे."

मावशीने तोही रिकामा ठेवला नाही.

"झालं?" भाची म्हणाली. "आता चहा टाकू?"

ही भाची म्हणजे ठिणगी. खरं नाव वेगळं, पण ते फक्त सहीपुरतं. बहीण गेल्यावर सहा वर्षांची पोर मावशीच्या पदरात आली ती याच शेडमध्ये, रंगाचे डबे आणि फुटलेल्या काचा यांच्यात वाढली. ती 'मावशी' म्हणायची म्हणून वेल्डर म्हणू लागला, मग रंगारी, मग ड्रायव्हर, मग दिग्दर्शकसुद्धा. मावशी स्वतः बावन्न वर्षांची, खांद्याने रुंद, उजव्या हाताची करंगळी अर्धी. उरलेली अर्धी एका मालट्रकच्या फाळक्यात गेली. कोणी विचारलं तर सांगायची, "चार बोटांत भागतंय. पाचवं हौसेला होतं."

मावशीचा धंदा ठोकण्याचा. गाडी चेपली की आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडी मारायची, पत्रा जागेवर आणायचा. उरलेल्या खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, वर रंग. बापाकडून शिकलेली विद्या. बापाने शिकवताना पत्र्यावर जेवढ्या हातोड्या मारल्या, तेवढ्याच फटक्यांनी पोरीची पाठ सोलली. ती म्हणायची, "माझा पण पत्रा त्यानेच सरळ केला. लांबी मात्र भरली नाही कधी."

शेड होती एका सिनेमा कंपनीच्या आवारात. गुप्तहेरांचे सिनेमे निघायचे तिथे, एकामागून एक, आता पाचवा भाग चालू होता. नायिका गुप्तहेर, आणि तिच्या बुडाखाली नेहमी एकाच कारखान्याची चंदेरी गाडी. कारखाना गाड्या द्यायचा आणि बदल्यात सिनेमाला अटी घालायचा. अटींचा कागद शेडच्या भिंतीवर चिकटवलेला असे. गाडी पाठलागात हरता कामा नये. दार निखळता कामा नये. एअरबॅग फुगलेली दिसता कामा नये. खलनायकाने या गाडीत बसता कामा नये. आणि प्रत्येक मारामारीनंतर बॉनेटवरचा बिल्ला सलग चार सेकंद दिसला पाहिजे.

"माणूस मेला तर चालेल का, ते कुठे लिहिलंय?" वेल्डर विचारायचा.

"ते लिहायला लागत नाही," मावशी म्हणायची.

सिनेमात दिसते एक गाडी. शेडमध्ये उभ्या असतात सात. रंग तोच, नंबर तोच, सीटच्या कापडावरची शिवण तीच. चार गाड्या मार खाण्याच्या. त्यांच्या छताच्या आत, अस्तराखाली, जाड नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला. उलटी झाली तरी छत खाली येत नाही. उरलेल्या तीन मुखड्याच्या. नायिका आत बसून ओठ चावते ते दिसावं म्हणून त्यांच्या छताचे खांब करवतीने कापायचे, छत टोपणासारखं उचलायचं, कॅमेरा आत घालायचा. काम झालं की छत परत ठेवायचं, पातळ पत्र्याची पट्टी मारायची आणि वरून लांबी, रंग. ही लांबी भरायची मावशी. तिने भरलेला सांधा नखालासुद्धा लागत नसे.

त्याच लांबीने तिचा नवरा खाल्ला.

तिसऱ्या भागाच्या वेळची गोष्ट. नवरा ड्रायव्हर होता, पडण्याधडकण्याच्या शॉटचा. हसरा माणूस, गाडीत बसण्याआधी सगळ्यांना डोळा मारायचा. त्या दिवशी घाईत मुखड्याची गाडी मैदानात गेली. बाहेरून सगळ्या सारख्याच, ओळखणार कशी? एक पलटी झाली आणि छत बसलं. सीटच्या पाठीपर्यंत बसलं. मावशी धावली तेव्हा दारातून फक्त त्याचा डावा हात बाहेर होता आणि मनगटावरचं घड्याळ चालू होतं. छत कापून त्याला काढायला सव्वा तास लागला. छाती स्टेअरिंगवर होती, डोकं कुठे होतं ते तिने पाहिलं आणि कोणालाही कधी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी कारखान्याचा निरोप आला. आपल्या बिल्ल्याची चेपलेली गाडी कोणाच्या नजरेला पडायला नको, सरळ करून द्या.

"मी दुसरा कारागीर बघतो," स्टंटचा मास्तर खाली मान घालून म्हणाला.

"त्याच्या रक्तावर दुसऱ्याची हातोडी? हात तोडीन." मावशीने गाडी स्वतः धुतली. तीन दिवस स्वतः ठोकली. पाणी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ. तेरा वर्षांच्या ठिणगीने बादल्या भरून दिल्या. छत वर आलं, खांब उभे राहिले, आरशासारखी झाली गाडी. ती नेण्यासाठी माणूस आला तेव्हा मावशीने किल्ली त्याच्या हातात दिली नाही, तोंडावर फेकली. त्याचा पुढचा दात हलला.

तेव्हापासून ठिपका आला. मार खाणाऱ्या चार गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या आत, बिजागरीशेजारी, मावशी लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवायची. मसुराएवढा. मुखड्याच्या गाड्यांना ठिपका नाही. नियम एकच, आणि तो भिंतीवर नव्हता, ड्रायव्हरांच्या तोंडी होता: बोट लावल्याशिवाय बसायचं नाही. दहा वर्षांत कित्येक हाडं मोडली, एक डोळा गेला, एकाच्या मांडीत नळी घुसली. पण छताखाली कोणी मेलं नाही.

आता ठिणगी तेवीसची. नायिकेच्या उंचीची, नायिकेच्या बांध्याची, आणि डोक्यात शिरलेलं खूळ मामाचं. मावशीच्या नवऱ्याला ती मामाच म्हणायची.

थोबाडीत मारून काम भागलं नाही. मग मावशीने बुधवारी मास्तरला सांगितलं, शॉटच्या गाडीचा टायर आतून फाटलाय. मास्तरने चारही चाकं खोलून पाहिली. टायर ठणठणीत. गुरुवारी मावशी म्हणाली, ब्रेक सुटतोय. मास्तर स्वतः गाडी घेऊन मैदानभर फिरला, भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला आणि उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

"मावशी, तुझं दुःख मला कळतं."

"तुला काय कळतं? तू तेव्हा झेंडा हलवत होतास."

मास्तरचा चेहरा पडला. "हो. मीच हलवत होतो. म्हणूनच सांगतो, खोटं बोलू नको. एखाद दिवशी खरं असेल आणि मी ऐकणार नाही."

ठिणगी तर बोलायचीच बंद झाली होती. गुरुवारी जेवताना एवढंच म्हणाली, "माझ्या कामात हात घालशील तर घर सोडून जाईन. मग मार भिंतीला."

शुक्रवार शॉटचा. दुपारी दोनला, ऊन डोक्यावर असताना, खडीच्या मैदानात. कारखान्याचे मोठे साहेब सहकुटुंब पाहायला येणार, म्हणून कारखान्याचा माणूस सकाळपासून शेडमध्ये नाचत होता. त्याला सगळे चकाकी म्हणत. पांढरा शर्ट, खिशात पिवळं फडकं, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. पाचव्या भागापासूनच आलेला. बोलायचा गोड. ठेच लागून रक्त आलेल्या मजुराला त्याने एकदा सांगितलं होतं, "दादा, जरा तिकडे सरका, बंपरवर उडेल."

मावशीने ठरवलं होतं, मैदानाकडे फिरकायचंच नाही. दीड वाजता ती उरलेल्या गाड्यांपैकी एकीशी गेली. मुखड्याची होती, हे तिला माहीत होतं, कारण मागच्या दाराखाली तिनेच घासताना राहिलेली एक रेघ होती. उद्या छत उचलायचं होतं. तिने दार उघडलं आणि सवयीने बिजागरीला हात गेला.

बोट लाल झालं.

तिने बोट नाकाशी नेलं. ताजं नेलपॉलिश. पुढच्या गाडीचं दार उघडलं, तीही मुखड्याचीच. तिथेही ठिपका, मसुराएवढा, नीट गोल.

"हे कोणी लावलं?"

चकाकी आरशावर फुंकर मारत होता. वळून हसला. "पाहिलंत का? मीच. सकाळी दार उघडतानाचा शॉट झाला, त्यात तो लाल ठिपका दिसतो हो. पुढच्या शॉटला दुसरी गाडी, तिला ठिपका नाही! लोक मूर्ख नसतात. म्हणून चार होत्या, तीन आणखी करून टाकल्या. सातही अगदी सारख्या. बाटली तुमच्याच पेटीतून घेतली, रागावला नाहीत ना?"

मावशीने त्याच्या शर्टाची छाती मुठीत धरली आणि त्याला गाडीवर आपटलं. घड्याळाची काच फुटली.

"मैदानात कुठली गेली?"

"अहो, कुठली म्हणजे? सारख्याच—"

तिने त्याला सोडलं, पट्ट्यात हातोडी खोचली, रंगाखाली पत्रा आहे की लांबी ते ओळखायचं खिशातलं लोहचुंबक चाचपलं आणि धावली. बावन्नाव्या वर्षी, खडीवरून, चपला टाकून.

मैदानात गाडी उताराच्या तोंडाशी उभी होती, इंजिन गुरगुरत. पुढे सत्तर पावलांवर लोखंडी नळीचा चढ, एका चाकाला उचलून गाडी उलथवणारा. ठिणगी आत, नायिकेचा केसांचा टोप घालून, चार पट्ट्यांत आवळलेली. कडेला शामियान्यात मोठे साहेब, बायको, दोन मुलं कानात कापूस घालून.

"मास्तर! थांबव!"

मास्तरने झेंडा खाली केला नाही, वरही केला नाही. "आज काय? स्टेअरिंग?"

"ठिपका खोटा आहे! सातही गाड्यांना लावलाय त्या चकाकीने!"

"बोट लावून बसलीय ती. मी पाहिलं."

"अरे तेच सांगतेय!"

मागून धापा टाकत आलेल्या चकाकीने तिचा दंड धरला. "मावशी, चला, तुम्ही फ्रेममध्ये येताय. साहेब बघतायत."

ठिणगीने काच खाली केली. डोळे पेटलेले. "मास्तर, हिला न्या इथून! ही मला जगू देणार नाही!"

"तुलाच जगवायला आलेय, कार्टे! उतर!"

काच वर गेली. मावशीने दंड हिसकला आणि छताच्या पुढच्या खांबाला लोहचुंबक लावलं. पत्रा असता तर ते खटकन् बसलं असतं. ते घसरलं आणि खडीत पडलं. लांबी. जाड लांबी. तिचीच.

"पडलं! पाहिलंस? पडलं!"

पण मास्तर चुंबकाकडे पाहत नव्हता, तो शामियान्याकडे पाहत होता, कारण मोठे साहेब हातवारे करून विचारत होते की काय चाललंय. ठिणगीने पाय दाबला, इंजिन किंचाळलं, आणि गाडी हातभर सरकली.

मावशी गाडीच्या पुढे उभी राहिली. ब्रेक करकचला. बंपर तिच्या गुडघ्यांना लागला. तिने हातोडी काढली आणि जन्मभर ज्या हाताने चेपा काढल्या त्या हाताने पहिली चेप घातली. बॉनेटच्या मधोमध. दुसरा घाव बिल्ल्यावर. बिल्ला उडाला आणि तिला ओढायला धावलेल्या चकाकीच्या भुवईत बसला. रक्ताची धार पांढऱ्या शर्टावर. तरी त्याने तिला कमरेतून धरलं. मावशीचं कोपर मागे गेलं आणि त्याच्या नाकाचा कडकन् आवाज झाला, तो शामियान्यापर्यंत ऐकू गेला. साहेबांच्या बायकोने मुलांचे डोळे झाकले. कानात कापूस होताच.

तिसरा घाव काचेवर. काच जाळी होऊन आत कोसळली. ठिणगी आतून ओरडत होती, शिव्या देत होती, मावशीला, तिच्या बापाला, मेलेल्या मामाला. दोन माणसं मावशीच्या पाठीवर चढली. त्यांच्यासकट तिने चौथा घाव घातला, खांबावर.

ढलपी निघाली. भाकरीएवढी जाड, वरून चंदेरी, आतून करडी. पाचव्या घावाला पातळ पट्टी वाकली. सहाव्याला खांब सुटला आणि छताचा कोपरा वीतभर खाली आला. ठिणगीच्या टोपाला टेकला.

इंजिन बंद पडलं की ठिणगीने केलं, कोणाला कळलं नाही. पाठीवरची माणसं आपणहून उतरली. खांबात करवतीचा काप स्पष्ट दिसत होता, आणि त्या फटीतून पलीकडचं आभाळ.

मास्तरच्या हातातून झेंडा पडला.

ठिणगीला पट्टे सोडून ओढून काढावं लागलं. ती खडीत बसली. कापाकडे पाहत राहिली. मग बाजूला वळून ओकली.

"मी बोट लावलं होतं गं," ती म्हणाली.

"माहितीये."

"मला वाटलं तू पुन्हा..."

"तेही माहितीये. मीच तशी सवय लावली." मावशीने आपल्या ओढणीने तिचं तोंड पुसलं. हाताला काचांचे तुकडे लागलेले, त्यामुळे गालावर रक्ताचे पट्टे उमटले, कोणाचं रक्त ते सांगता येईना.

मास्तर जवळ आला. काही म्हणणार होता. मावशीने त्याच्या कानाखाली वाजवली. तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "ही तेव्हाच पाहिजे होती."

मग ठिणगी उठली, टोप झटकला.

"दुसरी गाडी आणा."

सगळे मावशीकडे पाहू लागले. मावशीच्या मुठीतली हातोडी वर आली, अर्ध्यावर थांबली. सोमवारपासून जेवढं खोटं बोलली होती ते सगळं तिच्या तोंडाशी येऊन उभं होतं. आता एक शब्द बोलली असती तर सगळ्यांनी ऐकला असता. आज तिचं खोटंही खरं ठरलं असतं.

तिने खडीतलं लोहचुंबक उचललं. दुसरी गाडी आली. तिने ते पहिल्या खांबाला लावलं. खट्. दुसऱ्याला. खट्. सहाही खांब. मग अस्तर फाडून आतल्या नळीवर हातोडीचं टोक मारलं. घंटेसारखी वाजली.

"बस," ती म्हणाली.

पट्टे तिनेच आवळले. इतके की ठिणगी कण्हली.

"श्वास जात नाहीये गं."

"कमी घे."

मास्तरने झेंडा हलवला नाही, मावशीकडे दिला. तिने तो हलवला.

गाडी सुटली. नळीवर डावं चाक चढलं, आणि एवढं मोठं धूड पोरीने फेकलेल्या चपलेसारखं हवेत फिरलं. पहिली पलटी, छतावर. आवाज असा की पोटात लागावा. दार निखळून उडालं. दुसरी. काचा पावसासारख्या. एअरबॅग फुगली आणि खिडकीतून बाहेर लोंबू लागली. तिसरी कुशीवर, खडीत खांद्याने घासत गेली, ठिणग्या उडवत, आणि मग जड श्वास टाकून चाकांवर उभी राहिली. कारखान्याचा एकही नियम तिने शिल्लक ठेवला नव्हता. फक्त छत सरळ होतं.

मावशीने धूळ खाली बसायची वाट पाहिली नाही. आत शिरली तेव्हा ठिणगी डावा खांदा धरून, रक्ताळलेल्या दातांनी हसत होती.

"हाड गेलं," ती म्हणाली. "डोकं आहे."

मागे चकाकी उभा होता. भुवईला फडकं, नाकात कापूस, हातात फुटलेलं घड्याळ. "बिल्ला..." तो नाकात बोलला. "बिल्ला उलटा पडलाय खडीत. चार सेकंद दिसला नाही. परत घ्यावं..."

मावशी गाडीतून बाहेर आली. हातोडी हातातच होती.

"काय म्हणालात?"

"दिसला," चकाकी म्हणाला. "दिसला, दिसला."

संध्याकाळी मावशीला शेडमधून काढलं. साहेबांनी स्वतः सांगितलं, लांबून. आता ती एका साध्या रस्त्यावर, लोहाराच्या शेजारी, शाळेच्या गाड्या ठोकते. जुनी गाडी कोणी घ्यायला निघालं की लोक तिला बोलावतात. ती चुंबक फिरवते, विकणाऱ्याकडे पाहते, आणि विकणारा बहुतेक वेळा गाडी ठोकलेली असल्याचं स्वतःच कबूल करतो.

सिनेमा आला तेव्हा ती गेली नाही. ठिणगी पाहून आली, खांदा अजून पट्ट्यात, आत हाड जोडायची धातूची पट्टी घातलेली.

"किती सेकंद दिसला बिल्ला?"

"मोजतंय कोण? मी स्वतःला बघत होते. काय दिसते गं मी उलटताना! पुढच्या महिन्यात आगीचा शॉट आहे, मास्तरने विचारलंय."

मावशीचा हात उठला. ठिणगीने सवयीने डावा गाल पुढे केला. हात खाली आला तो खिशात गेला. मावशीने लोहचुंबक काढलं आणि तिच्या खांद्यावर, व्रणावर ठेवलं. सोडलं. ते घसरून जमिनीवर पडलं.

"डॉक्टरने लांबी भरलीय," मावशी म्हणाली. "हे हाड जुळू दे आधी. मग बघू आगीचं."